पेटी बाजारात मिळते, आतलं लिहिलेलं मिळत नाही

वाचक विचारतात : नेटवर्कचं सदर

वळवाचा पाऊस सुरू झाला की या सदराच्या पत्रांचा सूर बदलतो. वीज कडाडली, स्विच गेला, नवीन आणला, आणि मग कळलं की जुन्यात काय काय लिहून ठेवलेलं होतं ते कुणालाच ठाऊक नाही. या खेपेला अशी पत्रं इतकी आहेत की सगळं सदर त्यालाच दिलं आहे: नेटवर्कच्या पेट्यांची, म्हणजे राऊटर, स्विच, फायरवॉल यांची कॉन्फिग फाईल (कुणाला कुठे जाऊ द्यायचं ते सांगणारा पेटीतला मजकूर) कशी जपायची. मी लातुरात राहते आणि अठरा वर्षं हेच काम करते. साखर कारखाना, पतसंस्था, कॉलेज, दवाखाना, सगळीकडच्या रॅकसमोर उभी राहिले आहे. तिथे जे शिकले तेच इथे लिहिते आहे.

ताई, नमस्कार. मी एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो, आणि लॅबबरोबर नेटवर्कही माझ्याकडेच आहे. मे महिन्यात वीज पडून मुख्य स्विच जळाला. तशाच मॉडेलचा दुसरा लगेच मिळाला, पण ऑफिस, लॅब, वसतिगृह पूर्वीसारखं चालायला पाच दिवस गेले, तेही ऐन प्रवेशाच्या दिवसांत. संस्थाचालक विचारतात, स्विच नवा कोरा आहे तर उशीर कशाचा? त्यांना काय सांगू? आणि पुढच्या वेळी असं होऊ नये म्हणून काय करू?
— एक शिक्षक, अंबाजोगाई

सर, संस्थाचालकांचा प्रश्न रास्त आहे. त्यांनी लातूरची गंजगोलाई पाहिली असेलच. मधे गोल इमारत आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते. सोनं घ्यायला कुठल्या रस्त्याने जायचं, गूळ-मिरची कुठे, ते लातूरकराला पाठ असतं. तुमचा मुख्य स्विच म्हणजे ती गोलाई. वसतिगृहाची वाट हिशेबाच्या कॉम्प्युटरकडे जाऊ द्यायची नाही, लॅबमधल्या पोरांना ऑफिसचा प्रिंटर दिसू द्यायचा नाही, कॅमेऱ्यांची वाट सगळ्यांपासून निराळी, हे कुणीतरी कधीतरी बसून ठरवलं होतं आणि स्विचमध्ये लिहिलं होतं. नव्या स्विचबरोबर तुम्हाला फक्त गोल जागा मिळाली, रस्ते आखायचे राहिले होते. पाच दिवस ते जुने निर्णय आठवण्यात गेले. हे त्यांना याच शब्दांत सांगा.

आता फाईलबद्दल. सिस्को कंपनीच्या आणि त्याच वळणाच्या बऱ्याच पेट्यांमध्ये कॉन्फिग दोन जागी असते. रनिंग कॉन्फिग रॅममध्ये असते. लाईट गेली की तीही जाते. स्टार्टअप कॉन्फिग एनव्हीरॅममध्ये, म्हणजे लाईट गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत, असते, आणि पेटी चालू होताना हीच वाचली जाते. तुम्ही केलेला बदल रनिंगमध्ये होतो आणि लगेच लागू होतो, म्हणून काम झाल्यासारखं वाटतं. 'राइट मेमरी' म्हटल्याशिवाय स्टार्टअपला त्या बदलाचा पत्ताही नसतो.

याची किंमत मी एकदा पाहिली आहे. २०११ साली एका तालुक्याच्या गावातल्या दवाखान्यात पॅथॉलॉजीचं नवं मशीन आलं. त्यासाठी मी स्विचच्या चौदा नंबरच्या पोर्टचा व्हीलॅन (एकाच स्विचमध्ये निराळी राखलेली वाट) बदलला, वरच्या राऊटरमध्ये एक रूट (पुढे कुठून जायचं ते सांगणारी ओळ) घातला, रिपोर्ट वॉर्डातल्या स्क्रीनवर दिसला. सगळे खूश झाले, मी शेवटची एसटी पकडली. राइट मेमरी केलंच नव्हतं. पुढे तीन महिने काहीही झालं नाही, कारण यूपीएसने पेट्या बंद पडूच दिल्या नाहीत. एका रात्री यूपीएसची बॅटरी बसली, लाईट गेली आणि आली, आणि दोन्ही पेट्या तीन महिन्यांपूर्वीच्या स्मरणाने जाग्या झाल्या. रात्री दोनला फोन आला. भावाच्या मोटरसायकलवर मागे बसून गेले. वाटभर आठवत होते, पोर्ट चौदा की सोळा? रूटचा शेवटचा आकडा काय दिला होता? तिथे पोचले तर एक सिस्टर मोबाईलच्या उजेडात रिपोर्ट वहीत उतरून वॉर्डात धावत पोचवत होत्या. मला पाहून त्या काही बोलल्या नाहीत, नुसती रॅकच्या खोलीची किल्ली हातात दिली. ती किल्ली अजून आठवते. पहाटे साडेचारला काम झालं. त्या दिवसापासून राइट मेमरी केल्याशिवाय आणि फाईल लॅपटॉपवर घेतल्याशिवाय मी रॅकचं दार लावलेलं नाही.

तुमच्याकडे पेट्या थोड्या आहेत, तेव्हा सुरुवात हातानेच करा. लॅपटॉपवर पुटी (पेटीत शिरायचं सॉफ्टवेअर) उघडा आणि त्यात सेशनची नोंद टेक्स्ट फाईलमध्ये जाईल अशी खूण करा. स्विचमध्ये शिरून आधी 'टर्मिनल लेंग्थ ०' द्या, म्हणजे मजकूर पानापानाला थांबत नाही. मग 'शो रनिंग-कॉन्फिग'. तेवढ्यावर थांबू नका. 'शो व्हर्जन', 'शो व्हीलॅन', 'शो इन्व्हेंटरी' आणि 'शो सीडीपी नेबर्स' हेही त्याच फाईलमध्ये येऊ द्या. फाईलला इमारत, पेटीचं नाव आणि तारीख असं नाव द्या. 'न्यू', 'फायनल', 'फायनल दोन' अशा नावांनी सहा महिन्यांत गोंधळ होतो. एका पेटीला दहा मिनिटं लागतील.

हे जास्तीचे हुकूम देण्यामागे कारण आहे. फाईल हाती असूनही माणसं अडतात, कारण काही गोष्टी त्या फाईलमध्ये नसतातच. सिस्कोच्या बऱ्याच स्विचांत व्हीलॅनची यादी फ्लॅशवरच्या 'व्हीलॅन डॉट डॅट' या वेगळ्या फाईलमध्ये असते. व्हीटीपी (स्विचांनी व्हीलॅनची यादी आपसांत वाटून घेण्याची सोय) ट्रान्सपरंट मोडवर नसेल तर रनिंग कॉन्फिगमध्ये ती यादी दिसत नाही. जुनी फाईल नव्या स्विचवर घातली, पोर्ट बरोबर, ट्रंक (अनेक व्हीलॅन एकत्र नेणारा जोड) बरोबर, आणि तरी वसतिगृहाला नेट नाही, असं झालं की आधी 'शो व्हीलॅन' बघा. एसएसएचची (पेटीत दुरून सुरक्षितपणे शिरण्याच्या सोयीची) खाजगी किल्लीही मजकुरात येत नाही, ती नव्या पेटीवर पुन्हा तयार करावी लागते. मॉडेल बदललं तर पोर्टची नावं बदलतात. जुन्यात फास्ट इथरनेट ०/१ असेल आणि नव्यात गिगाबिट इथरनेट १/०/१, तर ती ओळ नवा स्विच घेतच नाही.

राऊटरचं आणखी एक आहे. त्याचे पोर्ट मुळात बंद असतात आणि 'नो शटडाऊन' देऊन उघडावे लागतात, पण ही ओळ कॉन्फिगमध्ये छापून येत नाही. त्यामुळे चालू असलेल्या नव्या राऊटरवर जुना मजकूर जसाच्या तसा पेस्ट केला की पत्ते सगळे बसतात आणि पोर्ट बंदच राहतात. चांगली जाणती माणसं इथे तासभर केबल बदलत बसलेली मी पाहिली आहेत.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत एक काम करा. त्याच जातीचा एक जुना स्विच मिळाला तर घ्या, टेबलावर ठेवा, तुमची फाईल त्यात घाला आणि एक लॅपटॉप ऑफिसच्या पोर्टला, एक लॅबच्या पोर्टला लावून बघा. काय अडलं ते लिहून ठेवा. वीज पुन्हा पडेल तेव्हा तो कागद पाच दिवसांचं काम दुपारपर्यंत आणील.

मॅडम, मी एका कारखान्याच्या आयटी विभागात आहे. चाळीस स्विच, पाच राऊटर, एक फायरवॉल. दर शनिवारी आमचा एक मुलगा एकेका पेटीत जाऊन कॉन्फिग पेनड्राइव्हवर घेतो. अख्खा दिवस जातो आणि तो रजेवर असला की राहूनच जातं. यासाठी महागडं सॉफ्टवेअर घ्यावं लागेल का?
— एक वाचक, जालना

आधी त्या मुलाचं कौतुक करा, मनापासून. शेचाळीस पेट्यांची कॉन्फिग दर आठवड्याला हाताने घेणारा माणूस मला फार ठिकाणी भेटलेला नाही. आता त्याचा शनिवार त्याला परत द्या.

पैसे लागणार नाहीत. ऑक्सिडाइज्ड नावाचं मोफत, खुल्या स्रोताचं सॉफ्टवेअर आहे. त्याच्या आधीपासून रॅन्सिड होतं, ते आजही काही ठिकाणी चालतं, पण नव्याने सुरुवात करायची तर ऑक्सिडाइज्ड करा. शंभराहून जास्त प्रकारच्या पेट्यांची भाषा त्याला येते, त्यामुळे तुमच्याकडे तीन कंपन्यांचे स्विच असले तरी अडत नाही. लिनक्स टाकलेला एक जुना कॉम्प्युटर पुरतो. पेट्यांची यादी आणि लॉगिन द्यायचं. मग ते स्वतः एसएसएचने एकेका पेटीत जातं, कॉन्फिग वाचतं आणि बदल असेल तर गिटमध्ये (फाईलींच्या जुन्या-नव्या आवृत्त्या जपणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ठेवतं. तुम्ही काही बदललं नाही तर दर तासाला एक फेरी होते. तुम्हाला दिवसातून एक-दोन फेऱ्या पुरे. जागेची काळजी नको, स्विचची कॉन्फिग म्हणजे साधा मजकूर, बहुतेक वीस-तीस केबीचा. मोबाईलच्या एका फोटोत तुमचा सगळा कारखाना मावेल.

खरी गंमत गिटमध्ये आहे. गिट नुसती नवी फाईल ठेवत नाही, कालच्या फाईलपेक्षा आज कुठली ओळ गेली आणि कुठली आली ते दाखवतं. एका ठिकाणी सकाळी मी हे पाहिलं होतं:

इंटरफेस गिगाबिट इथरनेट १/०/२२
− स्विचपोर्ट ॲक्सेस व्हीलॅन ५०
+ स्विचपोर्ट ॲक्सेस व्हीलॅन १

व्हीलॅन ५० म्हणजे तिथला वजनकाटा. काटा बंद असल्याचा फोन यायच्या आधी मला कळलं होतं की आदल्या संध्याकाळी सहाच्या सुमारास कुणीतरी बावीस नंबरच्या पोर्टला हात लावला आहे. दोन मिनिटांत जुनी ओळ परत घातली. उसाच्या गाड्या रांगेत उभ्या असताना ही दोन मिनिटं काय असतात ते कारखान्याच्या माणसाला सांगायला नको.

शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला मी हे असं समजावते: आजची कॉन्फिग म्हणजे सातबारा, आज जमीन कुणाच्या नावावर आहे ते सांगणारा. गिट म्हणजे फेरफार, गाव नमुना सहा. नाव कधी लागलं, कशाने लागलं, आधी कुणाचं होतं. वाद उभा राहिला की नुसत्या सातबाऱ्याने भागत नाही, फेरफार काढावा लागतो. नेटवर्कमध्ये वाद रोज उभा राहतो.

पण फेरफाराच्या नोंदीत कारण असतं: वारसाने, खरेदीखताने, वाटणीने. ऑक्सिडाइज्ड काय बदललं ते सांगेल, का बदललं ते सांगणार नाही. ते तुम्हालाच लिहायचं आहे. पोर्टच्या 'डिस्क्रिप्शन' ओळीत 'काटा, गेट दोन, हलवू नये' एवढं लिहायला किती वेळ लागतो? शेजारी एक साधी वही ठेवा: तारीख, पेटी, काय केलं, कुणाच्या सांगण्यावरून. त्या शनिवारच्या मुलाला ती वही सांभाळायला द्या, तो ती नीट सांभाळेल.

तीन गोष्टी पक्क्या करा. ऑक्सिडाइज्डसाठी वेगळं लॉगिन काढा, आणि फायरवॉलपासून स्विचपर्यंत जमेल तिथे त्याला फक्त वाचण्याची मुभा द्या. पेट्यांची घड्याळं एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या सोयीने) जुळवा. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांतही घड्याळं जुळवणं आणि लॉग १८० दिवस ठेवणं आहे. घड्याळ चुकलं तर 'संध्याकाळी सहाला' याला अर्थच राहत नाही. आणि ज्या पेटीची कॉन्फिग घेताच आली नाही तिची सूचना तुमच्या मेलवर येईल अशी सोय करा. माझ्या एका ठिकाणी पासवर्ड बदलल्यामुळे एका राऊटरची फाईल चार महिने आली नव्हती आणि सगळे निश्चिंत होते.

नमस्कार. आमच्या संस्थेचं नेटवर्क एका बाहेरच्या एजन्सीने उभारलं. करार संपला, आता ते फोन उचलत नाहीत. पासवर्ड त्यांच्याकडेच. पेट्या रीसेट केल्या तर सगळं बंद पडेल म्हणतात. काय करावं?
— एक मुख्याध्यापक, नांदेड

सर, रीसेट करू नका. पासवर्ड नसला तरी कॉन्फिग न पुसता आत शिरता येतं, आणि पेटी तुमच्या संस्थेची आहे तोवर तो तुमचा हक्क आहे.

सिस्कोच्या राऊटरचं सांगते. कन्सोल केबल (लॅपटॉप थेट पेटीला जोडणारी) लावायची, वेग ९६००. पेटी बंद करून चालू करायची आणि चालू होत असताना ब्रेक द्यायचा. रॉममॉन, म्हणजे पेटीचा दुरुस्तीचा पडदा, येतं. तिथे कॉन्फिग रजिस्टर ०एक्स२१४२ करून पुन्हा चालू केलं की राऊटर स्टार्टअप कॉन्फिग न वाचता उठतो. फाईल आत शाबूत असते. मग ती हाताने रनिंगमध्ये आणायची, नवा पासवर्ड घालायचा, बंद राहिलेले पोर्ट 'नो शटडाऊन'ने उघडायचे, रजिस्टर परत ०एक्स२१०२ करायचं आणि सेव्ह. स्विचमध्ये पुढच्या बाजूचं मोड बटण दाबून धरावं लागतं, पायऱ्या थोड्या वेगळ्या आहेत. एक धोका आहे: कुणी 'नो सर्व्हिस पासवर्ड-रिकव्हरी' लावून ठेवलं असेल तर या मार्गाने कॉन्फिग पुसली जाते. चालू होताना पडद्यावर तशी सूचना दिसली की तिथेच थांबा. म्हणून हे काम जाणत्या माणसाकडून, शाळा सुटल्यावर, तुमच्या लेखी पत्रावर आणि तुमच्यासमोर करून घ्या.

त्याहून महत्त्वाचं पुढच्या कराराचं. त्यात एक कलम घाला: प्रत्येक बदलानंतर कॉन्फिग फाईल आणि सर्व पासवर्ड संस्थेकडे जमा करावेत, त्याशिवाय बिल मंजूर होणार नाही. पासवर्डचं पाकीट मोहोरबंद करून तुमच्या कपाटात ठेवा. घर बांधणारा गवंडी किल्ली घरमालकाच्या हातात देऊन जातो, इथेही तेच व्हायला हवं. एजन्सीचा माणूस कितीही चांगला असो, ती फाईल संस्थेची आहे.

ताई, मी गावात इंटरनेट देतो. मायक्रोटिकचा राऊटर, साडेतीनशे ग्राहक, सगळ्यांचे पीपीपीओईचे (ग्राहकाच्या लॉगिनचे) पासवर्ड राऊटरमध्येच आहेत. मी दर महिन्याला बॅकअप घेतो. तेवढं पुरेल ना?
— एक केबलवाले, परभणी

दादा, कुठला बॅकअप घेता त्यावर आहे. मायक्रोटिक दोन प्रकारच्या फाईली देतं. 'सिस्टम बॅकअप सेव्ह' केल्यावर येणारी डॉट बॅकअप फाईल बंद पेटीसारखी असते. उघडून वाचता येत नाही आणि ती त्याच राऊटरवर परत घालायसाठी आहे. दुसऱ्या राऊटरवर घातली तर जुन्याचे मॅक पत्तेसुद्धा (पोर्टची कारखान्यात दिलेली ओळख) नव्यात येतात. दुसरी 'एक्स्पोर्ट' केल्यावर येणारी आरएससी फाईल. ती साधा मजकूर आहे, वाचता येते, नव्या मॉडेलवर थोडी दुरुस्ती करून चालवता येते. दोन्ही घ्या.

आता नीट वाचा. राऊटर ओएसच्या सातव्या आवृत्तीपासून साधं एक्स्पोर्ट केलं तर पासवर्ड त्यात येत नाहीत. 'शो-सेन्सिटिव्ह' जोडावं लागतं. सहाव्या आवृत्तीत उलटं होतं, आपोआप यायचे. तुम्ही मधे अपग्रेड केलं असेल आणि सवयीने तोच हुकूम देत असाल, तर तुमच्या फाईलमध्ये साडेतीनशे नावं आहेत आणि एकाचाही पासवर्ड नाही. आज रात्रीच ती फाईल उघडून बघा. राऊटरमध्ये शिरायच्या युजरचे पासवर्ड आणि सर्टिफिकेट मात्र एक्स्पोर्टमध्ये कधीच येत नाहीत, ती वेगळी जपा. आणि महिन्यातून एकदा हे फार कमी आहे. तुमच्याकडे ग्राहक रोज जोडला जातो, तर शेड्युलर लावून रोज रात्री फाईल बाहेर पाठवा.

ताई, मी डिप्लोमा करून नुकताच एका ऑफिसात लागलो. चाळीस किलोमीटरवरच्या शाखेच्या स्विचमध्ये ट्रंकवर व्हीलॅन ४० जोडायचा होता. 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ४०' दिलं आणि स्विच हातातून गेला, शाखा बंद. साहेबांनी गाडी करून पाठवलं. माझं काय चुकलं?
— एक तरुण, हिंगोली

एक शब्द राहिला. 'ॲड'. तू जो हुकूम दिलास त्याचा अर्थ 'फक्त ४० जाऊ दे' असा होतो, बाकी सगळे व्हीलॅन त्या ट्रंकवरून उतरले, त्यात तू ज्याच्यावरून आत गेला होतास तोही. 'अलाउड व्हीलॅन ॲड ४०' म्हणायचं होतं. ही चूक या धंद्यातल्या मोठमोठ्या माणसांकडून झाली आहे, तेव्हा मन लहान करू नकोस.

पण परतीची वाट ठेवल्याशिवाय दूरच्या पेटीला पुन्हा हात लावू नकोस. आधी चांगली असलेली अवस्था सेव्ह कर आणि फाईल काढून घे. मग 'रीलोड इन १०' दे. दहा मिनिटांत तू 'रीलोड कॅन्सल' म्हटलं नाहीस तर पेटी आपणहून बंद-चालू होते आणि सेव्ह केलेल्या जुन्या कॉन्फिगवर परत येते. मधे राइट मेमरी मात्र करायचं नाही, नाहीतर चूकच कायम होईल. शाखेला आधी फोन करून सांग, कारण पेटी उठेपर्यंत काही मिनिटं सगळं थांबतं. ज्युनिपर कंपनीच्या पेट्यांमध्ये हीच सोय फार सुंदर आहे: 'कमिट कन्फर्म्ड' दिलं की दहा मिनिटांत पुन्हा 'कमिट' न आल्यास पेटी बंद न पडता जुनी कॉन्फिग परत येते, आणि मागच्या पन्नास अवस्थांपर्यंत 'रोलबॅक' करता येतो. मायक्रोटिकमध्ये कंट्रोल-एक्स दाबून सेफ मोडमध्ये जा. मधेच संपर्क तुटला तर त्यात केलेले बदल आपोआप मागे घेतले जातात.

आमच्या पतसंस्थेचा इंजिनिअर कॉन्फिगच्या फाईली व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकतो. म्हणतो, पासवर्ड एन्क्रिप्ट असतात, काळजी नाही, आणि ग्रुपवर असल्याने बॅकअपही झाला. हे बरोबर आहे का?
— एक संचालक, धाराशिव

नाही. आजच बंद करा. ज्या ओळीत 'पासवर्ड ७' आणि पुढे आकडे-अक्षरं दिसतात ते कुलूप नाही. ते उलटवून मूळ पासवर्ड काढायला क्षणभरही लागत नाही. एसएनएमपीची (पेटीवर दुरून नजर ठेवण्याच्या सोयीची) स्ट्रिंग तर बऱ्याचदा सरळ वाचता येते, आणि शाखांमधल्या व्हीपीएनची सामायिक किल्लीही अनेकदा तशीच असते. त्या फाईलमध्ये तुमच्या संस्थेचा नकाशा आहे, कुठल्या दाराला काय कडी आहे तेसुद्धा. ग्रुपवर गेलेले सगळे पासवर्ड आणि किल्ल्या बदला, आणि पुढे पेटीला येत असेल तिथे टाइप ८ किंवा ९ (सहज न उलटणारी पद्धत) वापरा.

फाईल बाहेर जाणं आणि फाईल पुसली जाणं ही दोन्ही संकटं जोडीने येऊ शकतात. एप्रिल २०१८ मध्ये सिस्कोच्या स्विचांतल्या स्मार्ट इन्स्टॉल या (नव्या स्विचला दुरून कॉन्फिग देण्याच्या) सोयीचा, ४७८६ या पोर्टवरून, गैरफायदा घेऊन इराण आणि रशियातल्या पुष्कळ स्विचांची कॉन्फिग पुसली गेली. ज्यांच्याकडे फाईल होती त्यांनी ती परत घातली. तुमच्या जुन्या स्विचांवर ही सोय चालू असेल तर इंजिनिअरला 'नो व्हीस्टॅक' द्यायला सांगा. फाईल नेताना टीएफटीपीही टाळा, त्याला युजर आणि पासवर्ड माहीतच नाहीत. एससीपी किंवा एसएफटीपी वापरा.

ठेवायच्या कुठे, हेही विचारायला हवं होतंत. मी औसा तालुक्यातली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आमच्या घराची मातीची भिंत कागदांच्या ट्रंकेवर पडली, आणि पुढे पावसात त्या कागदांचा लगदा झाला. वडिलांना जमिनीच्या नकला तहसीलच्या रेकॉर्डमधून मिळाल्या, कारण ती इमारत आमच्या गावात नव्हती. म्हणून एक प्रत मुख्य शाखेच्या सर्व्हरवर, एक कुलूपबंद कपाटातल्या एन्क्रिप्ट केलेल्या पेनड्राइव्हवर, आणि एक दुसऱ्या गावच्या शाखेत. रॅकमधल्याच कॉम्प्युटरवर ठेवलेली प्रत त्याच विजेने जाते.

मॅडम, मी सहकारी संस्थेत जुना लेखनिक आहे. पोरं हसतात, पण मी सगळ्या पोर्टची यादी कागदावर काढून रॅकच्या दाराला आतून चिकटवली आहे. हे चुकीचं आहे का?
— एक वाचक, उदगीर

मुळीच नाही, काका. नेटवर्क बंद असताना सर्व्हरवरची फाईल उघडता येत नाही, तुमचा कागद वाचता येतो. त्यावर पासवर्ड तेवढे लिहू नका. पोर्ट नंबर, पुढे खोली, व्हीलॅन, आणि कोपऱ्यात यादी काढल्याची तारीख. बदल झाला की पेनाने खोडून शेजारी नवं लिहा आणि सही करा; खोडलेलं वाचता आलं पाहिजे. कागद प्लास्टिकच्या पाकिटात घाला, आमच्याकडची धूळ आणि मेमधला उन्हाळा साध्या कागदाला टिकू देत नाही.